नदीपलीकडचा चौकडा

लुगड्याचा चौकडा पाहून बाई नदीच्या कोणत्या काठाची, हे आम्हाला कळत असे. तोंड पाहायची गरज नव्हती. आरमोरीच्या बाजारात मी माझ्या बापासोबत लुगडी घेऊन बसायचो. सकाळच्या उन्हात लांबून बाया यायच्या, तेव्हा चेहरे दिसत नसत, नुसते चौकडे दिसत. वैनगंगेच्या अलीकडचा आमचा चौकडा मोठा, पांढऱ्यावर लाल. पलीकडचा, चांदा जिल्ह्याच्या बाजूचा, बारीक, काळ्यावर काळपट लाल, त्यात पिवळ्या सुताची जोडरेघ. बाप बसल्या जागेवरून सांगायचा, "थ्या दोघी पल्याडच्या. आपल्याकडं येत नाईत, पुढं जातात." आणि त्या खरंच पुढं जायच्या.

हे चौकडे कोणी ठरवले, मला माहीत नाही. बापालाही नव्हतं. विचारलं की म्हणायचा, "मागावर होतं, म्हणून इनलं."

हे तो टाळण्यासाठी म्हणत नव्हता, खरं होतं. आमच्या धंद्यात माग कधी रिकामा करत नाहीत. लुगडं झालं की कापायचं, पण फणीत वीतभर सूत ठेवायचं. फणी म्हणजे बांबूच्या काड्यांची कंगव्यासारखी लांब पट्टी, उभं सूत तिच्यातून एकेक ओवलेलं असतं. नवा ताणा, म्हणजे नव्या लुगड्याचं उभं सूत, लावताना त्या जुन्या टोकांना नवं सूत जोडायचं. लालला लाल, पांढऱ्याला पांढरं. पिळा द्यायचा आणि पुढं सरकायचं. म्हणून चौकडा पाठ करावा लागत नाही. मी विणलेलं लुगडं माझ्या आज्याच्या लुगड्याच्या टोकाला बांधलेलं होतं. त्या वीतभर सुताला आमच्या घरी शेपूट म्हणत. शेपूट गेलं की चौकडा गेला.

माझी बायको पलीकडची. तिचा बापही विणकर. लग्न होऊन ती डोंग्यातून नदी पार करून आली ती त्याच काळपट लुगड्यात. माझ्या आईनं दारातच म्हटलं, "हे अंधाराचं लुगडं सोड आता. आपल्या घरचं उजेडाचं नेस."

"उजेडाचं लवकर मळते, आत्या," ती म्हणाली.

पहिल्याच दिवशी. माझ्या आईला अशी बोलणारी सून आवडली का, तर नाही आवडली. पण पुढं सुनेशिवाय आईचं पान हलत नसे.

ती चरख्यावर आडव्या सुताच्या कांड्या भरायची आणि मी विणायचो. आमचं सगळं आयुष्य असंच गेलं, ती भरत आणि मी संपवत. माहेरून आणलेली लुगडी ती भाताच्या रोवणीला नेसायची; मी मागावर असायचो, कधी उलगडून पाहिली नाहीत. ती झिजली. त्यांतून पोरांच्या लंगोट्या झाल्या, मग चूल पुसायची फडकी झाली, मग काहीच उरलं नाही. नवी येणं बंद झालं होतं, कारण तिचा बाप म्हातारा होऊन खाटेवर पडला होता.

तो मेला तेव्हा आम्ही दोघं गेलो. तिचा धाकटा भाऊ तोवर राजुऱ्याकडं कोळशाच्या खाणीत लागला होता. त्याला मागाचं काय करायचं? त्यानं माग मोडला. लाकडं तेराव्याच्या स्वयंपाकाला लागली. मी स्वतः चुलीत घातली त्यातली काही, मोठी चूल होती, भात शिजत होता. बायकोनं त्या ढिगातून फणी काढून घेतली. शेपूट तिच्यात तसंच लोंबत होतं. बापाच्या धोतरात गुंडाळून तिनं ती मांडीवर घेतली आणि एसटीत सगळा रस्ता धरून बसली. घरी आल्यावर आढ्याला टांगली.

"काय करतं याचं?" मी विचारलं.

"काई नाई. राहू द्या."

नव्वद सालानंतर लुगडी कमी खपायला लागली. बाया मिलच्या साड्या नेसू लागल्या. त्या हलक्या असतात, लवकर वाळतात, बायांना दोष कसा देणार? मी टॉवेल विणायला लागलो, चादरी विणायला लागलो. त्याच काळात शहरातून एक बाई आल्या. त्या हातमागाच्या कापडाची प्रदर्शनं भरवत. त्यांनी माझं एक लुगडं हातात घेतलं आणि विचारलं, "या चौकड्याचा अर्थ काय आहे?"

मी म्हटलं, "अर्थ नाई. चौकडा हाय."

चरख्यावरून माझी बायको बोलली, "अर्थ कसा नाई? त्याईले माहीत नाई, बाई. पांढरं म्हंजे भाताची बांधी. लाल म्हंजे वाघाची जीभ. वाघ बांधीत शिरला होता, आन् बाया ज्या वाटांनी पळाल्या ना, त्या वाटा म्हंजे ह्या रेघा."

बाईंनी सगळं लिहून घेतलं. पुन्हा वाचून दाखवलं. बायकोनं एका ठिकाणी दुरुस्तीही केली, वाघ नाही, वाघीण. मग बाईंनी विचारलं की नदीपलीकडचा पण एक चौकडा होता म्हणतात, तो कुठं पाहायला मिळेल? बायकोच्या डोक्यावर आढ्याला, फणीतल्या शेपटात, तो टांगलेला होता. ती म्हणाली, "तो गेला, बाई."

त्या गेल्यावर मी म्हटलं, "वाघिणीची जीभ?"

"मंग काय सांगू? सूतवाल्याकडं लाल सूत पडून होतं, म्हणून लाल, असं? बाई एवढ्या उन्हात आल्या. खाली हात कशी धाडू?"

पुढं त्या अर्थाचं जाड कागदाचं कार्ड छापून आलं. प्रत्येक कापडाला दोरीनं बांधायचं. एकदा आमच्याच गावच्या मास्तरांच्या बायकोनं मला रस्त्यात थांबवून माझ्याच चौकड्याचा अर्थ समजावून सांगितला. घरी येऊन मी हे सांगितलं तर बायको भिंत धरून हसली. ती हसायची ती नंतर. खोटं सांगताना तिचं तोंड अगदी सरळ असे.

दोन हजार सालाच्या पुढं तिच्या पोटात गाठ निघाली. तिला नागपूरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आता घरी न्या. पोरानं त्याच्याकडं शहरात चल म्हटलं, ती नाही म्हणाली. मी तिची खाट मागाच्या खोलीत टाकली, कारण दिवसभर मी तिथंच असायचो.

एका सकाळी ती म्हणाली, "माझ्यावर काय घालान?"

मला कळलं ती काय विचारते ते. आमच्याकडं सवाष्ण बाई मेली की तिच्या अंगावर माहेरचं लुगडं घालतात. भाऊ घेऊन येतो. ते आल्याशिवाय उचलत नाहीत.

"असं काऊन बोलून राह्यली वो?"

"न बोलल्यानं थांबते का थे? माझा भाऊ दुकानातलं चमकीचं आणन. त्याच्यात मले कोनी वळखनार नाई."

"कोण वळखाचं हाय तुले?"

"माय. बाप."

मग तिनं आढ्याकडं बोट केलं.

आरमोरीला सूतवाले चाचा होते, मुसलमान, त्यांचं आमचं दोन पिढ्यांचं येणंजाणं. काळं, काळपट लाल आणि पिवळं सूत मागितलं तेव्हा ते म्हणाले, "ये रंग अब कौन लेता है, भाऊ? कोणासाठी?"

"घरच्यासाठी."

त्यांनी पुढं विचारलं नाही. पिवळं दुकानात नव्हतं, घरी जाऊन शोधून आणलं.

मी माझी फणी शेपटासकट उतरवून आढ्याला टांगली आणि तिच्या बापाची खाली काढली. शेपटाचे रंग उडाले होते. मातीच्या रंगाचं सूत नुसतं. कोणतं काळं, कोणतं लाल, मला ओळखू येईना. ती खाटेवर पडल्या पडल्या बोटांनी एकेक टोक चाचपायची आणि सांगायची. "हे काळं. हे बी काळं. हे लाल होतं, उन्हानं खाल्लं. आता पिवळी जोडी." तिला डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं तेव्हा. मी टोकं बांधत गेलो.

ताणा लागला तसं मला वाटलं आता सोपं आहे. आमच्याकडं उभ्या सुतात जो क्रम, तोच आडव्यात. म्हणून तर चौकडा चौकोनी होतो. मी तसंच टाकत गेलो. ती औषधानं झोपली होती. उठली तेव्हा हातभर कापड झालं होतं. मी तिला दाखवलं.

तिनं हात फिरवला, डोळ्याजवळ नेलं. "हे माझ्या बापाचं नाई."

"काऊन?"

"पिवळं आडवं टाकलं तुमी. आमच्याकडं पिवळं उभंच राहते. हे तं तुमच्या आईनं माझ्या बापाचं लुगडं चोरून नेसल्यावानी दिसून राह्यलं."

माझी आई मरून किती वर्षं झाली होती, तरी तिला सोडत नव्हती. हातभर कापड मी धागा धागा उसवलं. मग तिच्या तोंडाकडं पाहून विणायला लागलो. लहानपणी बापाच्या मागाजवळ बसून कांड्या हातात द्यायचं काम तिचंच होतं, म्हणून कोणत्या रंगामागं कोणता हे तिच्या हातात होतं. "काळं. अजून काळं. आता लाल टाका. बस. काळं." कधी सांगता सांगता झोप लागायची. आडवं सूत नेणारा धोटा हातात धरून मी थांबायचो. जागी झाली की जिथं सोडलं होतं तिथूनच सुरू करायची, कुठं होतो हे मला विचारत नसे.

तिला जेवण जात नव्हतं. पेज जात होती, मग तीही थांबली. अंगाचा वास यायला लागला होता. शेजारच्या बाया दाराशी येऊन उभ्या राहायच्या, आत यायच्या नाहीत. मी विणत होतो. तिला ते लुगडं अंगावर घ्यायला मिळावं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मेल्यावर घालायचं ते घालायचंच. पण जिवंतपणी एकदा तिनं ते नेसावं, नाही नेसता आलं तर पांघरावं, बापाचं आहे म्हणून ओळखावं.

मग एक दिवस ती म्हणाली, "थांबा. आंग झालं. आता पदर."

"सांग."

"मंग सांगतो."

दुसऱ्या दिवशी विचारलं. "पदराचं वेगळं असे," ती म्हणाली. "लई नाजूक. निवांत सांगतो."

मी चिडलो. "निवांत म्हंजे कधी? तुले काय वेळ हाय का?" असं बोललो. आजही ते शब्द मला ऐकू येतात.

ती म्हणाली, "सांगतलं का तुमी कापून घ्यान. मंग मागावरून उठान आन् दिवसभर माझ्या तोंडाकडं पाहात बसान. मले नाई आवडत."

मी अंदाज करायला लागलो. शेवटी लाल पट्टा असे का? नाही. काळा? नाही. पिवळं आडवं तिथंच येत असे का? ती डोळे मिटून म्हणायची, "नाई. तसा नाई." मी पाय मागाच्या खड्ड्यात सोडून नुसता बसून राहायचो. पदराशिवाय लुगडं कापत नाहीत. पदराशिवाय ते लुगडंच नाही, कापडाचा तुकडा आहे. निदान आमच्या काठावर तसं आहे.

शेवटी शेवटी तिचं बोलणं कळेनासं झालं. मी कान तिच्या तोंडाजवळ नेऊन विचारलं, पदर कसा? ती म्हणाली, पाणी. चमच्यानं दिलं, ते बाहेर आलं. त्याच दुपारी ती गेली. मी मागावरच बसलो होतो. कधी गेली ते मला कळलं नाही, हे सांगतो. खोलीत दोघंच होतो तरी कळलं नाही.

चौकातल्या एसटीडीवरून पोराला आणि राजुऱ्याला तिच्या भावाला निरोप दिला. रात्र आम्ही बसून काढली. भाऊ सकाळच्या गाडीनं आला, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत साडी. खाणीतल्या माणसाच्या नखांत असतो तसा काळेपणा त्याच्या नखांत होता. अंगणात ठेवलेल्या बहिणीजवळ बसला. मग उठून आत मागाजवळ आला आणि उभाच राहिला.

"भाऊजी," तो म्हणाला, "हे बापाचं हाय."

"पदर राह्यला. तिनं सांगतला नाई. तुले माहीत असन तं सांग. मी आत्ता बसतो. लोक थांबतीन."

"कोणता पदर?"

"लुगड्याचा. दुसरा कोणता?"

तो माझ्याकडं पाहत राहिला. त्याला वाटलं असावं मला भ्रम झाला. मग हळू बोलला, "बापाच्या लुगड्याले पदर नव्हता, भाऊजी. रोवणीच्या चिखलात नेसाचं लुगडं थे. आखूड. गुडघ्यावर राहे. बाप म्हणे, चिखलात कोणाले दाखवाचा हाय पदर? पह्यल्यापासून शेवटपर्यंत एकच चौकडा." त्यानं कापडाची गुंडाळी हातानं मोजली. "हे पुरं झालं हाय. बहिनीले माहीत होतं. कांड्या तिच्याच हातच्या राहत."

म्हणजे ज्या दिवशी ती थांबा म्हणाली, त्याच दिवशी ते झालं होतं. त्यानंतर ते मागावर पडून होतं, तिच्या खाटेपासून हाताच्या अंतरावर, पुरं. मी कापून तिच्यावर घालू शकलो असतो. ती ते पाहू शकली असती. आणि मी पट्टा लाल का काळा विचारत बसलो, आणि ती सरळ तोंडानं म्हणत राहिली, तसा नाही.

मी कापलं. हातानं सवयीनं फणीत वीतभर सूत ठेवलं. बाहेर आणलं तर एक म्हातारी बाई म्हणाली, "इनलं जवायानं. मंग हे माहेरचं कसं होईन?" तिच्या भावानं ते माझ्या हातातून काढून घेतलं, आत नेऊन स्वतःच्या खांद्यावर टाकलं आणि पुन्हा बाहेर आला. "आता मी आणलं," तो म्हणाला, आणि बहिणीवर घातलं. पिशवीतली साडी त्यानं पिशवीतच ठेवली.

लुगडं आखूड होतं. तिची पावलं उघडी राहिली. एकीनं दुसरं कापड आणून झाकायला घेतलं, भाऊ म्हणाला, राहू द्या, असंच असते.

त्या प्रदर्शनवाल्या बाई नंतर पुन्हा आल्या. कोणीतरी त्यांना सांगितलं असावं. मागावर शेपूट पाहिलं आणि म्हणाल्या, हा तर पलीकडचा, हा विणा, कितीही विणा. मग वही काढून विचारलं, याचा अर्थ काय? मी म्हटलं, चिखलात नेसायचं लुगडं, बाकी काही नाही. त्यांनी ते लिहिलं नाही. थोडा वेळ बसल्या, चहा घेतला, गेल्या.

ती खोटं का बोलली याचा मी पुष्कळ विचार केला. तिला ते लुगडं पाहायचंच नसेल. किंवा मी मागावर बसलेला तिला पाहिजे असेन. दुसरं काही असेल. विचारायला ती नाही. मला राग येतो. गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात, मी धरतो. शहरातल्या बाईला सांगायचं तसं मला सांगितलं, आणि मी त्या बाईसारखंच खरं मानलं.

तिच्या बापाची फणी अजून मागावर आहे, माझी आढ्याला. मी टॉवेलसुद्धा विणत नाही आता. विणायचं तर तिची फणी उतरवावी लागेल, नाहीतर त्या शेपटाला नवं सूत जोडावं लागेल. जोडलं तरी आडवं काय टाकायचं ते मला आता माहीत आहे, शेवटही माहीत आहे. पण कांड्या कोण भरणार? सकाळी उठून माग झाडतो. शेपटाला उंदीर लागले आहेत, एका बाजूची पिवळी जोडी कुरतडून गेली. मी पाहिलं आणि तसंच राहू दिलं.